वॉरंटकाकांचा अंगठा

अमेरिकेत ॲन आर्बरला मी ज्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते, तिथून सकाळी गाडी काढून ऑफिसला जाणं माझ्या एकटीच्या हातात कधीच नव्हतं. आधी वॉरंटकाकांची, म्हणजे घरमालकीण ताईच्या वडिलांची, परवानगी लागायची. मी दाराबाहेर यायचे तेव्हा त्यांची माझ्या गाडीभोवती फेरी चालू असायची. अंगात जावयाचा जुना कोट, डोक्याला कानटोपी, हातात टॉर्च. टायरला बुटाचं टोक मारून बघायचे, वायपर उचलायचे, खाली वाकून तेल गळतंय का ते पाहायचे, आणि सगळं मनासारखं असेल तरच मागच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा काढायचे. सपाट ड्राइव्हवेवर ठोकळा कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "ड्राइव्हवे सपाट आहे हे तुला माहीत, मला माहीत. गाडीला माहीत आहे का?" असं उत्तर मिळालं, आणि मी पुन्हा विचारायच्या भानगडीत पडले नाही.

ठोकळा निघाला की ते समोर उभे राहून दोन्ही हातांनी मला मागे मागे रस्त्यावर काढायचे आणि शेवटी उजव्या हाताचा अंगठा वर करायचे. खरी गोम इथे होती. तो अंगठा परत करावा लागायचा. आपणही काचेतून अंगठा दाखवला की त्यांचा हात खाली. नाही दाखवला, तर ते तसेच उभे. बर्फ असो, पाऊस असो, शेजारची बाई कुत्रं घेऊन जाताना बघत असो, हात वरच. एकदा भाऊजी, म्हणजे त्यांचे जावई, आपल्या प्रयोगाच्या तंद्रीत तसेच निघून गेले. ताईने लॅबमध्ये फोन केला, "अहो, बाबा अजून उभे आहेत." बिचारा माणूस अर्ध्या गावाला वळसा घालून परत आला, गाडीतूनच अंगठा दाखवला, आणि काका म्हणाले, "ठीक आहे, जा आता." तेव्हापासून भाऊजी एकवेळ जेवणाचा डबा विसरतील, पण अंगठा विसरत नसत.

काका हवाई दलातून रिटायर झालेले. इंजिन फिटर म्हणून पोरसवदा वयात भरती झाले आणि वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडले. काकू गेल्यावर नागपूरचं घर बंद करून मुलीकडे आले होते. आपल्या मराठी मंडळींना त्यांचं काय करावं हे कळायचं नाही. पार्टीत कुणीतरी नवीन माणूस हटकून विचारायचा.

"एअर फोर्स? म्हणजे पायलट?"

"नाही."

"मग ऑफिसर?"

"वॉरंट ऑफिसर."

"म्हणजे ऑफिसरच की, काका."

"नाही."

यापुढे तो माणूस समोशाकडे वळायच्या बेतात असायचा, पण काका त्याला सोडत नसत. फौजेत दोन जिने असतात, असं ते समजावायचे. एक जिना ऑफिसर मेसमधून वर जातो, एक विमानं ठेवायच्या हँगरमधून. दोन्ही वर जातात, पण कुठल्याच मजल्यावर एकमेकांना भेटत नाहीत. आपण हँगरच्या जिन्याच्या अगदी टोकावरून एक पायरी खाली पोचलो होतो, आणि तिथूनही काल मिसरूड फुटलेल्या पोराला सलाम करत होतो. "वाईट वाटायचं?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाटून घ्यायला वेळ कुठे होता? विमान उभं असायचं."

आमच्या पिढीतल्या मुलामुलींची त्यांनी आपल्या पद्धतीने वर्गवारी केली होती. हातात प्लेट धरून आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "ट्रेड काय तुझा?" हवाई दलात म्हणे प्रत्येक एअरमनला ट्रेड असतो, म्हणजे हाताचं काम. सुरुवातीला पोरं गोंधळायची. मग सवय झाली. "सी प्लस प्लस." "चांगला ट्रेड आहे." "डेटाबेस." "मेहनतीचं काम." "टेस्टिंग." "फार महत्त्वाचं, बस माझ्याशेजारी." एकदा पुण्याचा एक गोरागोमटा मुलगा नवीन सूट घालून आला होता. त्याने ऐटीत सांगितलं, "मी मॅनेजमेंटमध्ये आहे, काका." काकांनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ट्रेड नाही. असू दे, जेव तू." तो पुढच्या दोन पार्ट्यांना आला नाही.

माझ्यावरही ही पाळी आली. मला ऑफिसात टीम लीड केलं, ताईने हौसेने शिरा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम." मला वाटलं थट्टा चाललीय. पण संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले तर टॉर्च धरायला मला हाकच नाही. एरवी "ए पोरी, उजेड दाखव" असं दर शनिवारी ठरलेलं. मला चांगलंच लागलं.

"काका, मी अजून कोड लिहिते हो," मी म्हटलं.

"किती?"

"अर्धा दिवस. उरलेला मीटिंगमध्ये जातो."

त्यांनी विचार केला. "मग अर्धा वेळ टॉर्च धरा," म्हणाले, आणि खरोखरच काम अर्ध्यावर आलं तेव्हा माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला. तेवढ्यापुरती मी पोरी, आणि तिथून पुढे मॅडम.

हे वाचून कुणाला वाटेल की काका म्हणजे यंत्रांचा देव होते. छे. विमानाचं मला माहीत नाही, पण गाडीच्या बाबतीत ते सर्रास चुकायचे आणि चुकलो असं कधी म्हणायचे नाहीत. एका जानेवारीत त्यांनी माझी गाडी अनफिट ठरवली. मागून खडखड येते, बेअरिंग गेलं असणार, न्यायची नाही. आठवडाभर मी बसस्टॉपवर नाक लाल करून उभी. शनिवारी मेकॅनिककडे नेली, त्याने डिकी उघडली, आणि माझा स्टीलचा डबा काढून हातात दिला. आत चमचा सुटा होता. मी घरी येऊन तो चमचा काकांच्या समोर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "चमचासुद्धा फिट बसलेला असावा," म्हणाले, आणि चहा मागितला.

सलाम मात्र त्यांनी सोडला होता. रिटायर झाले त्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे की आता सलाम झेंड्याला, ऑफिसरला नाही. घरी-दारी भेटला माणूस की "जय भीम" खणखणीत म्हणायचे, आणि समोरच्याने परत "जय भीम" म्हणेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. पण कपाळाकडे हात जायचा नाही. एका सव्वीस जानेवारीला मंडळाच्या कार्यक्रमाला एक रिटायर्ड कर्नल पाहुणे होते, मुलाकडे आलेले. भरघोस मिशा, ब्लेझर, सगळे त्यांच्याभोवती. ताईला धास्ती, बाबा काय करणार. काकांनी काही केलं नाही. संपूर्ण संध्याकाळ ते दोन्ही हातांत गुलाबजामचा ट्रे घेऊन हिंडत होते. दोन्ही हात भरलेले असले की सलाम करावा लागत नाही, हा नियम आहे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कर्नलसाहेबांनी त्या संध्याकाळी सहा की सात गुलाबजाम खाल्ले, कारण काका दर वेळी त्यांच्यासमोरूनच जात होते.

यशू ही काकांची नात. इथेच जन्मलेली, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी, होस्टेलवर राहणारी, शनिवार-रविवार कपडे धुवायला घरी येणारी. काका आले तेव्हा ती शाळेत होती, आणि अंगठ्याचा कायदा घरात सगळ्यांत आधी तिनेच पाळायला सुरुवात केली होती. शाळेच्या बसमधून, सायकलवरून, मैत्रिणीच्या गाडीतून, कुठूनही अंगठा परत. आजोबांशी ती इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं कधीच अडत नव्हतं.

ही मुलगी फौजेच्या ट्रेनिंगमध्ये शिरली. इथे कॉलेज करता करता ते करता येतं. फी सरकार भरतं, आणि डिग्रीबरोबर कमिशन मिळतं, म्हणजे पहिल्याच दिवशी ऑफिसर. भाऊजींना तिला डॉक्टर करायचं होतं, त्यांनी दोन दिवस तोंड पाडलं आणि मग "मुलगी ऑफिसर होणार" असं सगळ्यांना सांगत सुटले. ताई रडली आणि मग तिनेही सांगायला सुरुवात केली. साऱ्या मराठी जगात नात ऑफिसर होणार म्हणून नाराज झालेले आजोबा बहुधा आमचे एकटेच.

"ऑफिसर कशाला?" ते म्हणाले. "ट्रेड घे. आणि तेही पायदळात?"

"आजोबा, इट्स आर्मी. इथे हेलिकॉप्टर्स आहेत आर्मीत."

"मग हेलिकॉप्टरचं इंजिन घे. हाताला काम पाहिजे माणसाच्या."

यशूने त्यांना समजावलं की इथल्या आर्मीत स्पेशालिस्ट नावाचा हुद्दाच आहे. हुकूम सोडायचे नाहीत, आपल्या कामात तरबेज व्हायचं. काका खूश झाले. "मग तेच हो की," म्हणाले. ती म्हणाली, पगार, घर, शिक्षण, सगळ्यालाच ऑफिसरचा जिना चांगला आहे. काका म्हणाले, ते तर तिकडेही होतं. मग तिने त्यांना गार करायला एक गोष्ट सांगितली आणि घरादाराला महिनाभर ती भोगावी लागली. इथल्या आर्मीत हेलिकॉप्टर चालवणारे बरेचसे पायलट वॉरंट ऑफिसर असतात.

"वॉरंट ऑफिसर उडवतो?"

"येस, आजोबा. दे फ्लाय."

काका उठून खिडकीशी गेले. त्या दिवसापासून पोस्टमनपासून देवळातल्या भटजींपर्यंत प्रत्येकाला त्यांनी ही बातमी ऐकवली. "आमच्याकडे आम्ही दुरुस्त करायचं आणि साहेबांनी उडवायचं. इथे वॉरंटच उडवतो." जणू त्यांनाच बढती मिळाली होती. भाऊजी मला हळूच म्हणाले, "आता गाडी मागायला लागले नाहीत म्हणजे मिळवली."

यशूचं कॉलेज संपत आलं तसा खरा पेच पडला. कमिशन मिळतं त्या दिवशी इथे एक रिवाज असतो. नव्या ऑफिसरला पहिला सलाम एखाद्या जुन्या सार्जंटने करायचा, आणि ऑफिसरने त्याला चांदीचा एक डॉलर द्यायचा. सलाम करणारा माणूस ऑफिसरने स्वतः निवडायचा असतो. रविवारी जेवताना यशूने वरणाची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "आजोबा, आय वाँट यू."

काकांनी घास संपवला.

"सलामाचे पैसे देतात?" त्यांनी विचारलं.

"इट्स नॉट टिप, आजोबा. इट्स रिस्पेक्ट. मला फर्स्ट सॅल्यूट तुमचाच पाहिजे."

"मी इकडच्या फौजेतला नाही."

"मी विचारलंय. मास्टर सार्जंट म्हणाले, ही वॉज ॲन एन.सी.ओ., म्हणजे तुमच्या हँगरच्या जिन्यावरचे, दॅट्स गुड इनफ. ही वाँट्स टू मीट यू, असं पण म्हणाले."

मास्टर सार्जंट म्हणजे यशूच्या तुकडीला कवायत शिकवणारे गृहस्थ. ते खरंच पुढच्या शनिवारी जेवायला आले. धिप्पाड माणूस, दारातून आत येताना वाकावं लागलं. काकांनी अदबीने "वेलकम, सर" म्हटलं, तर ते हसून म्हणाले, मला सर म्हणू नका, मी काम करून खातो. इथले सार्जंट लोक हे सर्रास म्हणतात म्हणे. काकांनी यशूकडून ते दोनदा समजून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बस. जेवण झाल्यावर दोघं गॅरेजमध्ये गेले, ते ताईचा चहा दोनदा गार होईपर्यंत बाहेर आले नाहीत. काकांचं इंग्रजी कामापुरतं, मास्टर सार्जंटचं मराठी शून्य, पण भाऊजींच्या गाडीचा कार्बोरेटर मात्र सुटा होऊन वर्तमानपत्रावर पसरला होता. दुसऱ्या दिवशी भाऊजी बसने गेले.

पण सलामाचं विचारलं की काकांचं एकच उत्तर, "टोपी नाही. टोपीशिवाय सलाम नसतो आमच्यात." इथली टोपी मिळेल, म्हटलं तर, "ती माझी नाही." नागपूरहून मागवू, म्हटलं तर, "घराची किल्ली कुणाकडे आहे आठवत नाही." ताई एकदा चिडून म्हणाली, "बाबा, सरळ नाही म्हणा ना." तेही म्हणेनात. दिवस जवळ येत चालले, आणि यशूचं शनिवारी येणं कमी कमी होत गेलं.

समारंभाआधी ती शेवटची आली तेव्हा एप्रिल संपत आला होता, तरी गारठा होता आणि बारीक गारा पडत होत्या. कपड्यांची बॅग गाडीत टाकताना तिने शेवटचं विचारलं, "येस ऑर नो, आजोबा?" काका टायर बघत होते. "हवा कमी आहे मागच्यात," म्हणाले. तिने दार आपटलं. काकांनी ठोकळा काढला, तिला मागे घेतलं, अंगठा वर केला. आणि यशू अंगठा न दाखवता निघून गेली.

मी खालच्या खिडकीतून बघत होते. काका उभे. ताई दारात आली, हाक मारली, आत गेली. भाऊजी म्हणाले, फोन करण्यात अर्थ नाही, ती उचलणार नाही. शेवटी मी छत्री घेऊन वर गेले.

"काका, ती होस्टेलला पोचलीसुद्धा असेल. चला आत."

"येईल."

"नाही येणार. रागावलीय ती."

छत्रीवर गारा वाजत होत्या. हात वर धरूनच ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. तेव्हा ते सार्जंट होते. स्टेशनचं नाव त्यांनी सांगितलं नाही. आदल्या दिवशीपासून खपून एका विमानाचं इंजिन बसवलं होतं. सकाळी पायलट आला, तरुण पोरगा, दुसऱ्या एका साहेबाशी बोलत बोलत. काकांनी शिडीपाशी सलाम केला. तो बोलण्याच्या नादात तसाच शिडी चढून आत बसला.

"मग?"

"मग काय. सलाम परत केल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो. मी नाही घेतला. इंजिन सुरू झालं, मी तसाच. चाकाखालचे ठोकळे दुसऱ्याने काढले. विमान गेलं, मी तसाच. अख्खं स्टेशन हसलं."

"आणि पायलट?"

"तो वाईट नव्हता गं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याने बघितलंच नाही. एअरमनमधून ऑफिसर करायची एक वाट असते. त्या वर्षी माझं नाव वर गेलं होतं. साहेबाचा अपमान करायला मुद्दाम उभा राहिला, असं झालं, आणि नाव खाली आलं. हट्ट माझाच. हात खाली घेतला असता तर आज कर्नलच्या पंगतीत गुलाबजाम खाल्ले असते."

"मग घ्यायचा होता ना खाली."

"कसा घ्यायचा? हात वर कसा न्यायचा ते शिकवलं होतं. परत आला नाही तर काय करायचं, ते कुणी शिकवलंच नाही."

मी म्हटलं, "काका, मी देऊ का अंगठा?" ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "तुझा वेगळा, तिचा वेगळा," म्हणाले. आणखी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी हात आपला आपण खाली घेतला. त्या घरात राहत होते तेवढ्या काळात मी हे तेव्हाच एकदा पाहिलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी भाऊजी दोनदा आरशात बघून टाय नीट करत होते, ताई साडीच्या निऱ्या धरून जिन्याकडे बघत होती. यशू आदल्या दिवशीपासून तिकडेच होती. पहिल्या सलामासाठी मास्टर सार्जंट तयार राहणार होते, तसं तिने फोनवर आईला कोरड्या आवाजात सांगितलं होतं. काका येणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. मग ते जिना उतरले. निळा ब्लेझर, छातीवर मेडल्स, दाढी गुळगुळीत, आणि काखेत टोपी. ब्रशने साफ केलेली, बिल्ला चकचकीत.

"बाबा, टोपी होती तुमच्याकडे?" ताईने विचारलं.

"ट्रंकेत होती."

"मग इतके दिवस नाही म्हणत होतात?"

"ट्रंक उघडायची होती," ते म्हणाले, आणि गाडीकडे निघाले.

कार्यक्रम युनिव्हर्सिटीतल्या एका जुन्या इमारतीसमोर, हिरवळीवर होता. मुलामुलींनी शपथ घेतली, आईबापांनी खांद्यावर पट्ट्या लावल्या. भाऊजींच्या हाताने पट्टी काही लागेना, ताईनेच दोन्ही लावल्या. मग एकेकाचं नाव पुकारून पहिला सलाम. यशूचं नाव आलं तसे मास्टर सार्जंट एक पाऊल पुढे झाले, आणि त्यांना काका दिसले. टोपी डोक्यावर, पाठ ताठ, चालत येणारे. मास्टर सार्जंट तिथल्या तिथे मागे सरकले.

काका यशूसमोर थांबले. पण आधी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मी ताईचा हात दाबला. बूट बघितले, पट्टा बघितला, खांद्यावरची पट्टी किंचित तिरपी होती ती चिमटीने सरळ केली. लोकांत हलकी खसखस पिकली. यशू हलली नाही. मग काका समोर आले, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. आपल्याकडचा, पंजा उघडा, समोरच्याला तळहात दिसेल असा.

यशूने सलाम परत केला. तिचा पंजा खाली वळलेला, इथल्या पद्धतीचा. मग तिने हात खाली घेतला.

काकांचा हात वरच.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ताईच्या आलं, मग भाऊजींच्या. यशूने ओठ न हलवता म्हटलं, "आजोबा, आय रिटर्न्ड इट."

आम्ही पुढच्याच रांगेत होतो, म्हणून ऐकू आलं. काका म्हणाले, "हो, मॅडम. एक जुना राहिलाय."

कुठला जुना, हे तिने विचारलं नाही. तिला तो एप्रिलमधला, गारांतला अंगठा वाटला असणार. तिचा चेहरा एकदम पडला आणि डोळे भरले. दुसरा कुठला ते तिथे फक्त मला माहीत होतं. तिने पुन्हा टाचा जुळवल्या आणि पुन्हा हात वर नेला. या वेळी सावकाश, आणि त्यांच्याकडे बघत, अगदी नीट बघत. तेव्हा कुठे काकांचा हात खाली आला.

तिने डॉलर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खिशात टाकला आणि म्हणाले, "जय भीम, मॅडम." ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "जय भीम, आजोबा."

परत निघालो तेव्हा पार्किंगमध्ये एक चमत्कार घडला. काका गाडीभोवती फिरलेच नाहीत. टायर नाही, वायपर नाही, काही नाही. सरळ मागचं दार उघडून माझ्याशेजारी बसले आणि खिशातला डॉलर बोटांनी चाचपत राहिले. भाऊजी किल्ली हातात घेऊन बाहेरच उभे होते. त्यांनी ताईकडे बघितलं, ताईने खांदे उडवले. मग माझ्या त्या बावळट, हुशार, विसराळू भाऊजींनी नव्या सुटात वाकून चारही टायर पाहिले, वायपर उचलले, खाली बघितलं. समोर येऊन उभे राहिले आणि काचेतून मागच्या सीटकडे बघत अंगठा वर केला.

काकांनी जरा वेळ घेतला. मग खिशातून हात काढला आणि अंगठा परत केला.